एकदाच ऐकू येणारी गोष्ट

एकदा एका वयोवृद्ध गुरुजींकडे एक शिष्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका काढण्याची विद्या शिकत होती. परदेशी इस्पितळांत नोकरीला निघालेल्या परिचारिकांना इंग्रजी बोलणे ऐकून समजते का, हे पाहणारी ती परीक्षा. रेकॉर्डिंग एकदाच वाजणार आणि उत्तरे तिथल्या तिथे लिहायची. सराव चाचणीत शिष्येच्या प्रश्नांवर झाडून साऱ्या मुली नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका छपाईला जायची होती. मुलीच कच्च्या, की आपले चुकले? आपल्यापायी या लेकींचे जाणे राहिले तर? तिला अन्न गोड लागेना.

दुपारी ती गुरुजींकडे धावली. "गुरुजी, एकेक ओळ दहादा वाचून प्रश्न काढलेत हो! एकही चूक नाही."

गुरुजींनी तिच्या हातातला रेकॉर्डिंगमधल्या संभाषणाचा छापील मजकूर काढून घेतला, खुर्चीवर ठेवला आणि चक्क त्यावर बसले! मग रेकॉर्डिंग लावून म्हणाले, "आता तूच सोडव."

शिष्या गोंधळली. स्वतःच्याच प्रश्नांची कसली परीक्षा? एक म्हातारा रुग्ण परिचारिकेशी बोलू लागला. तो कितव्या मजल्यावर राहतो? त्याच्या मुलीचे गाव कोणते? एक आठवेपर्यंत दुसरे निसटून जाई. बोलणे संपले, तेव्हा निम्मा कागद कोराच होता.

"मीच नापास झाले," ती रडवेली होऊन म्हणाली.

"अगं, प्रश्न काढलेस डोळ्यांनी आणि उत्तरे मागतेस कानांनी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कागदावर सगळे शब्द सारखेच दिसतात. बोलणाऱ्या माणसाला मात्र त्यातले एखादेच पोहोचवायचे असते. सांग बरे, त्याचा आवाज कुठे कापरा झाला?"

तिने डोळे मिटले. "मागे एका गोळीने अंग सुजले होते म्हणाला. तीच पुन्हा देतील, अशी भीती होती त्याला." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. यावर तिने प्रश्नच काढला नव्हता.

"मजला कळला नाही तरी चालेल गं," गुरुजी म्हणाले, "पण हे ऐकू आले नाही, तर तो माणूस जिवाला मुकेल." आणि उठून तो चुरगळलेला मजकूर तिच्यापुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही.

"तो राहू द्या तुमच्याकडेच, गुरुजी. रेकॉर्डिंग पुन्हा लावता का?"