रापणीचा ढिला दोर

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका गावात एक चित्रकार राहत होता. जलरंगांत तो गावाचं रोजचं जगणं रंगवी. मासळी वाळवणाऱ्या बाया, जाळी विणणारे म्हातारे, होडीच्या सावलीत झोपलेली कुत्री. चित्रातली मासळी इतकी हुबेहूब, की मांजरं येऊन कागद हुंगत म्हणे!

एकच चित्र काही केल्या जमेना. रापणीचं. रापण म्हणजे समुद्रात दूरवर टाकलेलं लांबलचक जाळं. सगळा गाव दोर धरून ते किनाऱ्यावर ओढी. दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळे, मग तो परका का असेना.

रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, दर वेळी चित्र बघे आणि म्हणे, "चित्र बरा हा रे झिला, पण दोर ढिलो हा."

झालं! चित्रकाराला अन्न गोड लागेना. त्यानं दोर जाड केला, काळा केला, वीस कागद फाडले.

"आता?" तो विचारी.

"ढिलो," म्हातारा म्हणे.

याला चित्रातलं काय कळतं, असं म्हणत चित्रकार मनातल्या मनात जळफळे आणि पुन्हा नवा कागद घेई.

एके दिवशी अर्धं गाव जत्रेला गेलं होतं. चार दिवस रिकामी आलेली रापण नेमकी त्याच दिवशी मासळीनं भरली. त्यात पाण्याची ओढ उलटी. दहा-बारा माणसं जीव खाऊन ओढत होती, पण जाळंच त्यांना समुद्राकडे खेचू लागलं.

"हात लावा रे कोणतरी!" तांडेल ओरडला.

काठावर बसलेल्या चित्रकाराचं आकाश नुकतंच रंगवून झालं होतं, अजून ओलं होतं. आता सोडून उठलं तर रंग ओघळून डाग पडणार. असं आकाश त्याला जन्मात साधलं नव्हतं. तो घुटमळला. तेवढ्यात दोर ओढणारी एक म्हातारी पाण्यात पडली. गुडघे फुटले, तरी तिनं दोर सोडला नाही. चित्रकारानं ब्रश वाळूत टाकला आणि धावत सुटला.

जाळं वर आलं तेव्हा त्याच्या तळव्यांची सालटी निघाली होती. आकाशाचं पार वाटोळं झालं होतं. तांडेलानं मासळीचा एक वाटा त्याच्यापुढे ठेवला.

आठ दिवस त्याला ब्रश धरवेना. नवव्या दिवशी त्यानं रापण पुन्हा रंगवली आणि भीतभीत म्हाताऱ्यापुढे धरली.

 चित्र बघता बघता म्हाताऱ्याच्या मुठी आवळल्या आणि टाचा वाळूत रुतल्या, जणू दोर त्याच्याच हातात होता.

तात्पर्य: काठावर बसून दुसऱ्याचे कष्ट नुसते दिसतात, कळायला हवे असतील तर दोराला हात लावावा लागतो.