बिननावाच्या बावीस बाटल्या

डॉ. निमकर तीन वर्षं सरकारी खर्चाने बोरखडीच्या बावीस विहिरींचं पाणी तपासत होते. फ्लोराइडने पोरांचे दात पिवळे पडत होते, पण कुठली विहीर वाईट, ते गावाला कळेना. असे निष्कर्ष लोकांना खुले करायचे, हा नियमच होता. साहेब त्याला भीक घालत नव्हते. पाण्याचे नमुने भरून देणाऱ्या गिरजा कुमरेने विचारलं की फिस्कारायचे, "संशोधन माझं आहे. छापून येईल तेव्हा वाच!"

चौथ्या वर्षी गिरजाने बावीस बाटल्या भरून दिल्या, पण एकीवरही विहिरीचं नाव नव्हतं.

"कुठली कुठल्या विहिरीची?"

"माझ्या वहीत आहे, साहेब. आणि वही माझी आहे."

साहेब भडकले. "सरकारचं मानधन घेतेस ना? सरकारी पैशातून गोळा केलेली माहिती मागेल त्याला द्यावीच लागते!"

"हे लिहून द्या, लगेच देते."

साहेबांनी सरपंचांसमोर तावातावाने लिहिलं आणि खाली सही ठोकली. गिरजाने वही त्यांच्या हातात दिली आणि तोच कागद त्यांच्या नाकासमोर धरला.

"आता मी मागतेय. काढा तुमची वही."

दुपारपर्यंत पाच विहिरींवर लाल फुली चढली. रंगाचा डबा गिरजाने आदल्या दिवशीच आणून ठेवला होता.