मुखपृष्ठावरची नदी

फार वर्षांपूर्वी एका बंद वाचनालयाच्या माळ्यावर भुऱ्या उंदीर राहत असे. चित्रांची मुखपृष्ठं असलेली जुनी मासिकं तो जमवी आणि त्यांना कुणाला दात लावू देत नसे.

ऐन थंडीत त्याच्या बायकोचे, सावळीचे दिवस भरले. ती म्हणाली, "अहो, घरट्याला मऊ कागद हवा. पिल्लं गारठतील."

भुऱ्या बराच वेळ मासिकांपाशी बसून राहिला. मग सगळ्यांत लाडकं मासिक ओढून त्याने स्वतःच कुरतडायला घेतलं. आतली पानं संपली, तेव्हा सावळीने मुखपृष्ठावर पाय ठेवला. त्यावर निळीशार नदी होती.

"हे राहू द्या. पिल्लांचे डोळे उघडतील, तेव्हा बघायला काहीतरी हवं."

भुऱ्याने ते घरट्यासमोर भिंतीला टेकवून उभं केलं.