रंगनाथचं गोड लोणी

आता हेही मीच सांगायचं? म्हैस माझी होती म्हणून दरवेळी मलाच धरायचं का? सांगतो. पण मधे कुणी बोलायचं नाही.

“आणि लोणी गोड निघालं तर?” रंगनाथनं भिवाबुवांना विचारलं.

“तर आजच अनुग्रह.”

टेकडीवरच्या मठीत बुवांची ही रीतच होती. कुणी मंत्र मागायला आला की त्याच्यापुढं दह्याचं मडकं ठेवायचं. आपल्या हातानं लोणी काढ, गोड कर, आण.

रंगनाथ तीन मठ फिरून आलेला. एकाही गुरूनं त्याला पदरात घेतलं नव्हतं. गावातली पोरंटोरंसुद्धा त्याला बिनगुरूचा बुवा म्हणायची. आज अनुग्रह घेऊनच खाली उतरेन, असं तो बायकोला छातीठोक सांगून आला होता.

मडकं बघून त्याला हसूच आलं. एवढंच?

दही माझ्या म्हशीच्या दुधाचं, मीच वर पोचवलेलं, घट्ट, कवडीसारखं. त्यानं त्यातच बचकभर गूळ ढकलला, वेलदोड्याची पूड टाकली अन् रवी लावली. दोरी अशी ओढायला लागला की वाटावं, मडकं आता फुटतंय! बसलेली माणसं पुढं सरकली, मीही सरकलो.

आवाज बदलला. आधी नुसती खळखळ, मग जड डुबुक डुबुक. रवीला कण चिकटले. गार पाणी ओतलं तसा लोण्याचा गोळा वर तरंगला. रंगनाथ नाचायचाच काय तो बाकी राहिला. त्याला वाटलं, मंत्र आता कानात पडलाच.

बुवांनी बोटभर लोणी चाटलं. डोळे मिटले...

“वास झकास.”

“अन् गोडी?”

“तूच बघ.”

रंगनाथनं चाखलं. वेलदोडा होता. बाकी सपक.

त्याचं तोंड उतरलं, अन् मग माझ्याकडं वळलं. दुधात पाणी असणार, म्हशीला पेंड मिळत नसणार, गवळी तेवढे चोर. चार माणसांत बोलला. त्याची माफी अजून यायचीय.

बुवांनी माझी बाजू घेतली नाही, त्याचीही नाही. मडक्यातलं ताक वाटीत ओतलं अन् त्याच्यापुढं धरलं.

रंगनाथ प्यायला.

पाकासारखं गोड...

सगळा गूळ ताकात उतरला होता.

पण गडी हटणारा नव्हता. एकदम उजळलाच. कळलं म्हणाला, गूळ मागनं घालायचा असतो, आत्ता मळतो, अजून दिवस आहे. त्यानं गुळाच्या ढेपेला हात घातला.

बुवांनी तो हात धरला. लोण्याचा गोळा त्याच्या तळहातावर ठेवला अन् वरून तांब्यानं पाणी सोडलं. लोणी धुतल्याशिवाय त्याला गूळ लावत नाहीत, ताकाचा आंबटपणा राहतो. पाणी निवळ निघेस्तोवर धुवायचं.

बोटांच्या फटीतून पांढरी धार गळाली.

दुसरा तांब्या. पांढरी.

तिसरा...

रंगनाथचा एक डोळा गुळावर, एक बुवांवर.

“आता झालं ना, बुवा? आता द्याल ना?”

बुवा वाकून धारेकडं बघत राहिले.

“अजून पांढरंच येतंय, रंगनाथ.”