नातीचा नाच आणि तेहतीस अनारसे

जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि मिरजेच्या मथुराकाकूंकडे अधिक महिन्याचं वाण घ्यायला आलेला हा ग्रह तर थेट अमेरिकेहून उतरलेला. परागरावांनी येताना नातीच्या नाचाची डीव्हीडी आणली होती. ती तिच्या नृत्यशाळेनं काढलेली. काकूंच्या प्लेअरवर ती काही लागेना.

"लागणार नाहीच, आई. कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत. ही डिस्क अमेरिकेची, प्लेअर इथला."

"काही उपाय?"

"रिमोटवर चार आकडे दाबले की कुलूप निघतं. मला ते पाठ आहेत, पण मी नियम मोडत नाही. जिथली वस्तू तिथेच चालावी."

काकूंनी तेहतीस अनारशांचं ताट आणलं, जावयाच्या नाकासमोरून फिरवलं आणि फडताळात ठेवून कुलूप लावलं.

"हे काय, आई?"

"अनारसे मिरजेचे, तोंड अमेरिकेचं. नियम कशाला मोडायचा?"

"पण मी मूळचा इथलाच ना."

"माझी नातसुद्धा मूळची इथलीच," किल्ली कमरेला खोचत काकू म्हणाल्या. "आधी तिला घरात घ्या, मग तुम्ही पानावर बसा."

परागरावांनी रिमोट उचलला आणि चार आकडे दाबले.