भागूबाईची बाग

खाडीकाठच्या एका गावात, आजच्या म्हाताऱ्यांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, भागूबाई नावाची एक विधवा राहत होती. तिला मूलबाळ नव्हतं. मरताना तिने आपली नारळाची बाग गावाला दिली आणि पंचांना बजावलं, "हिच्या उत्पन्नावर गावातली गरीब पोरं शिकवा. दुसऱ्या कशाला यातला एक नारळही वापरू नका."

पंचांनी शब्द पाळला. बागेच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या मुलं शहरात शिकून आली. विसाजी त्यांतलेच एक. पोरके विसाजी बागेमुळे शिकले आणि पुढे पंचांचे प्रमुख झाले.

एके वर्षी होडीवाल्याची मुलगी सगुणा त्यांच्याकडे आली. तिची आई तापाने गेली होती. गावात औषध देणारं कुणी नव्हतं.

"काका, मला वैद्यकी शिकायची आहे. शहरातले वैद्य शिकवायला तयार आहेत. राहण्या-जेवणाचं तेवढं बागेतून व्हावं."

पण त्या वर्षी बागेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. विसाजींना बागेच्याच पैशातून भागूबाईच्या नावाची मोठी दगडी कमान उभारायची होती.

"पोरी, यंदा कमान होऊ दे," ते म्हणाले. "तू पुढच्या वर्षी ये."

सगुणा पुढच्या वर्षी पुन्हा विसाजींकडे गेली. कमान अर्धवट होती. त्याच्या पुढच्या वर्षी कमान झाली आणि गावजेवण ठरलं. सगुणा मग पुन्हा गेली नाही. वडिलांनी तिचं गावातच लग्न लावून दिलं.

काही वर्षं गेली. ऐन पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. विसाजींची सहा वर्षांची नात अंथरुणाला खिळली. खाडी इतकी उसळली होती की पलीकडच्या वैद्यांकडे होडी जाईना. गावात थोडेफार घरगुती उपचार सगुणालाच येत होते, म्हणून विसाजी भिजत तिच्या दारात आले.

ती लगेच निघाली. तिने मुलीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, तुळशीचा काढा पाजला, हातपाय पुसले. ताप उतरेना. मुलीला झटके येऊ लागले.

"सगुणा, आता काय करायचं?" विसाजींनी विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, यापुढचं मला येत नाही."

दिवस मावळायच्या आत मुलगी गेली.

तेराव्यानंतर विसाजी सगुणाकडे आले.

"अजून शिकशील का?" त्यांनी विचारलं.

सगुणाने मांडीवरच्या तान्ह्या लेकराकडे पाहिलं. "माझं आता राहिलं, काका. पण सुताराची मुलगी हुशार आहे. ती तुमच्याकडे येईल, तेव्हा तिला थांबवू नका."

विसाजींनी मान खाली घातली.

तात्पर्य इतकंच: शिकू पाहणाऱ्याला जो अडवतो, तो त्या एकट्याचंच नाही, साऱ्या गावाचं नुकसान करतो, आणि गेलेली वेळ पश्चात्तापाने परत येत नाही.