पालथ्या मडक्याची सावली

बसा पाहुणे. डबे सोडायचे असतील तर आत्ताच सोडा. पश्चिमेला ती मडकं पालथं घातल्यासारखी टेकडी दिसते ना, तिची सावली चिंचेपर्यंत आली आहे. ती उंबऱ्याला लागली की आमच्या या सावळदऱ्यात चुली विझतात आणि सकाळपर्यंत कुणी घास घेत नाही. आणखी एक सांगून ठेवतो. आमच्या बायका पानावर आग्रह करत नाहीत. सोयरे यावरून नावं ठेवतात, तुम्ही राग मानू नका.

पूर्वी ही टेकडी नव्हती म्हणे. तिकडे नुसता माळ, आणि मावळतीचं ऊन थेट चुलीशी येऊन बसायचं. त्या काळी मोठा दुष्काळ पडला. ठकूबाई नावाची विधवा होती, तिचा एकुलता एक मुलगा खेमा. पोर उपाशी झोपलं की त्याच्या खपाटीला गेलेल्या पोटावर हात ठेवून ती बसून राहायची. एके दिवशी ती आटलेल्या झऱ्यापाशी गेली आणि झरीआईपुढे पदर पसरून म्हणाली, "आई, माज्या लेकराला दोन वेळचं मिळू दे. जास्त काय मागत न्हाई."

झरा फुटला. नाचणी आली, भात आला, म्हशी आटेनाशा झाल्या. असं सांगतात, की कणसं इतकी भरली की वाऱ्यानेही हलत नसत. मग गाव जेवू लागलं. न्याहारी, दुपारचं, उन्हं कलल्यावरचं, रात्रीचं, आणि मधे मधे तोंड चाळवायला काहीतरी होतंच. ठकूबाई तर खेमाच्या पानापाशी ठाण मांडून बसायची. तो नको म्हणाला की तिला दुष्काळातलं ते पोट आठवायचं, आणि ती आणखी एक भाकरी वाढायची. तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हळूहळू सारं गाव जडावलं. माणसं झोपेत चालावं तशी चालायची. वासरांबरोबर धावणारा खेमा झऱ्यापर्यंत जाताना धापा टाकू लागला आणि एकदा उतरत्या उन्हात अंगणातच कोसळला. श्वास घशात घरघरत होता. ठकूबाईने चुलीवरचं खिरीचं मडकं उचललं आणि नैवेद्य म्हणून झरीआईकडे धावली.

झऱ्याचं पाणी गप्प झालं म्हणे. आतून आवाज आला, "ठकू, काय मागितलं व्हतंस?"

"दोन वेळचं."

"तेवढं म्या दिलं. तिसरं वाढलंस, ते त्याच्या आयुष्यातनं काढून वाढलंस."

दोन वेळचं म्हणजे पोटापुरतं, असं आपण सगळेच बोलून जातो. देवीने मात्र शब्द जसाच्या तसा ऐकला होता.

ठकूबाई मडकं घेऊन माळावर गेली. मागून खेमाची हाक आली, "आये, काय तरी दे गं." लेकरू मागत असताना मडकं पालथं घालायचं, कुठल्या आईला जमेल? पण तिने ते घातलं, त्यावर डोकं टेकलं आणि रडली. खीर मातीत मुरली. मडकं भाकरीसारखं फुगू लागलं, त्यावर गवत उगवलं, झुडपं आली, आणि टेकलेली ठकूबाई तशीच वर वर गेली. टेकडीची सावली माळ उतरली, गावावरून सरकली आणि खेमाच्या अंगावर येऊन थांबली. तो शांत झोपला.

जागा झाला तेव्हा आई वर होती आणि त्याला चढ चढवेना. मग तो सकाळी जेवायचा, सावलीआधी जेवायचा, आणि बस्स. रोज थोडा वर जायचा, दम लागला की परतायचा. किती दिवस गेले कुणास ठाऊक. अखेर एकदा तो माथ्यावर पोचला. ठकूबाई पानाशी बसावी तशी बसली होती.

"जेवलास?" तिने विचारलं.

"जेवलो."

तिने लेकाच्या पोटावर हात ठेवला, पण आणखी वाढू का, असं विचारलं नाही.

वर आजही बसलेल्या बाईसारखा एक दगड आहे. लहान लेकरं, पोटुशी बाई आणि आजारी माणूस यांना सावलीचा नेम नाही. ठकूबाईनेच तशी सूट दिली म्हणतात. बाकी घरोघर आजही दुसरं जेवण झालं की आई मडकं पालथं घालते आणि "जेवलास?" एवढं एकदाच विचारते. उत्तर ऐकलं की पुन्हा विचारत नाही. तेवढ्यासाठी किती माया लागते, ते आमच्या आयांना विचारा.

ही बघा, सावली उंबऱ्याला लागली. जेवलात ना?

बरं.